चिंगीचं कॅल्शियम आणि मानेतले चार दाणे

मे महिन्यात आमची चिंगी पाणी प्यायला लागली. आधीही प्यायचीच, पण आता भांडं रिकामं करून त्याच्याजवळच उभी राहायची आणि माझ्याकडे बघत राहायची. मुंबईतला मे, अंगाची लाही लाही होतेय, त्यात अकरा वर्षांचं म्हातारं कुत्रं. मला वाटलं, उकाडा. मग एका सकाळी लिफ्टच्या दाराशी तळं झालं. जिने अकरा वर्षांत कधी दाराबाहेर थेंब सांडला नव्हता, ती मान खाली घालून भिंतीशी जाऊन बसली. मला तिच्या त्या बसण्याचं फार वाईट वाटलं.

त्या दिवसापासून मी तिचं पाणी मोजायला घेतलं. लिटरच्या बाटलीने मोजून भांड्यात ओतायचं, चोवीस तासांनी उरलेलं परत मोजायचं. दोन लिटर भरलं. चिंगी १४ किलोची. एवढ्या कुत्र्याला दिवसाला सात-आठशे मिली पुरतं. किलोमागे १०० मिलीच्या वर पाणी जायला लागलं की ऋतू कोणताही असो, रक्त तपासायचंच. ही एक गोष्ट घरच्या घरी, एका बाटलीवर कळते, म्हणून आधी सांगितली.

रिपोर्ट आला. साखर ठीक, किडनीचे आकडे ठीक. फक्त एका ओळीपुढे बाण होता: कॅल्शियम १३.२. लॅबच्या हिशेबाने ते ९ ते ११.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असायला हवं. वरच्या मजल्यावरच्या काकू रिपोर्ट बघून म्हणाल्या, "अगं, कॅल्शियम जास्त म्हणजे चांगलंच की! हाडं मजबूत असतील तिची. मला बघ, रोज गोळी घ्यावी लागते."

काकूंचं काही चुकलं नाही. आपल्याकडे कॅल्शियम म्हणजे चांगलं, जितकं जास्त तितकं चांगलं, हे डोक्यात पक्कं बसलंय. पिल्लू आणलं की कॅल्शियमचं सिरप, कुत्री गाभण राहिली की सिरप, म्हातारं कुत्रं लंगडलं की सिरप. चिंगीच्या निमित्ताने मी जे शिकले ते नेमकं याच्या उलट आहे. कॅल्शियमचा आकडा एकटा वाचायचा नसतो आणि विचारल्याशिवाय कॅल्शियम ओतायचं नसतं. का, ते कळायला आधी मानेतल्या चार दाण्यांची ओळख करून घ्यावी लागते.

कुत्र्याच्या मानेत श्वासनळीच्या दोन्ही अंगांना थायरॉइड ग्रंथी असते. तिच्या अंगाला चिकटून, काही तर तिच्या आतच, चार इवल्या ग्रंथी असतात, प्रत्येक बाजूला दोन. एकेक जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, मसुराच्या दाण्याहून लहान. यांना पॅराथायरॉइड म्हणतात. पाठ्यपुस्तकातला मराठी शब्द परावटू. नाव थायरॉइडसारखं आणि जागा तीच, पण कामाचा काही संबंध नाही. म्हणून "थायरॉइडची टेस्ट केली, नॉर्मल आली" एवढ्याने पॅराथायरॉइडबद्दल काहीही कळत नाही.

यांचं काम एकच: रक्तातलं कॅल्शियम ठरल्या पातळीवर ठेवणं. हृदयाचा ठोका, स्नायूंचं आखडणं-सुटणं, नसांमधून जाणारे निरोप, हे सगळं त्या पातळीवर चालतं.

मला हे आमच्या सोसायटीच्या पाण्यावरून समजलं. आमच्याकडे महापालिकेचं पाणी सकाळी थोडा वेळ येतं आणि जमिनीखालच्या टाकीत साठतं. तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि नळाला येतं. पंप लावणारे काका दिवसभर गच्चीतल्या टाकीवर नजर ठेवून असतात. पातळी उतरली की पंप चालू, भरली की बंद. रक्त म्हणजे गच्चीतली टाकी. हाडं म्हणजे जमिनीखालची, प्रचंड साठा असलेली. अन्नातून आतड्यात येणारं कॅल्शियम म्हणजे पालिकेचं पाणी, आणि लघवीवाटे जातं ते गटारात गेलेलं. पॅराथायरॉइड ग्रंथी म्हणजे ते पंपवाले काका. त्या जे संप्रेरक सोडतात त्याला पीटीएच (पॅराथायरॉइड हॉर्मोन) म्हणतात. पीटीएच वाढलं की हाडांतून कॅल्शियम वर चढतं, किडनी लघवीतून जाणारं कॅल्शियम अडवते, आणि किडनीतच ड जीवनसत्त्वाचं कामाचं रूप तयार होतं. त्याचं नाव कॅल्सिट्रिऑल. ते आतड्याला सांगतं, जेवणातलं कॅल्शियम अजून ओढ. याच वेळी पीटीएच फॉस्फरस लघवीवाटे बाहेर काढतं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

या ग्रंथी सापडल्या त्याची गोष्ट आपल्याकडच्या एका जनावरापासून सुरू होते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एक भारतीय गेंडा मेला आणि १८५० च्या सुमारास रिचर्ड ओवेन या इंग्रज शरीररचनातज्ज्ञांनी त्याचं विच्छेदन केलं. गेंड्याच्या मानेत त्यांना थायरॉइडला चिकटलेली एक छोटी पिवळसर ग्रंथी दिसली. माणसात ती दाखवून दिली १८८० मध्ये, स्वीडनमधल्या उप्सालाचा वैद्यकीय विद्यार्थी इव्हार सँडस्ट्रॉम याने. पण तिचं काम काय, हे कळलं ते कुत्र्यांमुळे. या ग्रंथी काढलेल्या कुत्र्यांना झटके यायचे आणि ती मरायची. १९०९ मध्ये मॅक्कॅलम आणि व्हेग्टलिन या अमेरिकेतल्या दोघांनी दाखवलं की अशा कुत्र्यांना कॅल्शियम दिलं तर झटके थांबतात. १९२५ मध्ये जेम्स कॉलिप या कॅनडातल्या संशोधकांनी ग्रंथींचा अर्क काढून तो अशाच कुत्र्यांना टोचला आणि त्यांचं रक्तातलं कॅल्शियम वर आलं. आज माणसांच्या दवाखान्यात पीटीएचची टेस्ट सहज लिहून दिली जाते, तिच्या मुळाशी ती कुत्री आहेत. म्हणून तरी आपल्या घरातल्या कुत्र्याला या ज्ञानाचा फायदा पूर्ण मिळाला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

आता चिंगीच्या १३.२ कडे. आमच्या डॉक्टर मॅडमनी पहिल्यांदा तोच आकडा परत तपासला, पण वेगळ्या तऱ्हेने. रक्तातलं जवळपास निम्मं कॅल्शियम प्रथिनांना वगैरे चिकटलेलं असतं, ते काही करत नाही. काम करतं ते मोकळं कॅल्शियम. रिपोर्टवर त्याला आयोनाइज्ड कॅल्शियम लिहितात. ते साधारण १.२ ते १.४ मिलिमोल प्रति लिटर असावं. चिंगीचं १.७२ निघालं. म्हणजे खरंच वाढलेलं होतं.

मग मॅडमनी हातमोजा घातला. कुत्र्यात कॅल्शियम वाढायचं सगळ्यांत जास्त आढळणारं कारण कॅन्सर आहे. त्यात लिंफोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, पहिला, आणि गुदद्वाराशेजारच्या पिशव्यांचा कॅन्सर त्याच्या मागोमाग. दुसरा बाहेरून दिसत नाही, बोटानेच चाचपावा लागतो. म्हणून गुदमार्गाची बोटाने तपासणी, जबड्याखालच्या, खांद्यापुढच्या, गुडघ्यामागच्या गाठी चाचपणं, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी, एवढं होईपर्यंत पॅराथायरॉइडचं नाव काढू नये. याशिवाय अॅडिसन्स हा किडनीवरच्या अॅड्रिनल ग्रंथींचा आजार आहे, किडनी निकामी होणं आहे, आणि ड जीवनसत्त्वाची विषबाधा आहे. मॅडमनी मला विचारलं, घरात कोणाला सोरायसिस आहे का? मला कळेना. सोरायसिसच्या एका मलमात कॅल्सिपोट्रिऑल असतं, ड जीवनसत्त्वाचाच एक प्रकार. ट्यूब चावली किंवा मालकाचा कोपर चाटला तरी कुत्र्याचं कॅल्शियम भयंकर चढू शकतं. उंदीर मारायच्या काही औषधांतही ड जीवनसत्त्वच असतं.

इथे एक इशारा, आणि तो मी अगदी कळकळीने देतेय. कॅल्शियम वाढलेलं दिसलं की ते उतरवायला कधी कधी लगेच स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं जातं. कॅल्शियम उतरतंही. पण लिंफोमा असेल तर स्टिरॉइडने त्याच्या गाठी काही दिवसांसाठी लपतात आणि निदान हातचं जातं. कुत्रं गंभीर नसेल तर निदान होईपर्यंत स्टिरॉइड नको. घाईच असेल तर शिरेतून सलाइन देऊन कॅल्शियम लघवीवाटे काढता येतं. डॉक्टरांना विचारायला लाजू नका, चांगले डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाहीत.

चिंगीचा कॅन्सरचा शोध रिकामा निघाला. फॉस्फरस २.६, म्हणजे खालच्या कडेला. ते वाक्य आठवा: पीटीएच फॉस्फरस बाहेर काढतं. कॅल्शियम वर आणि फॉस्फरस खाली, ही जोडी दिसली की बोट मानेकडे वळतं.

म्हणून पीटीएच तपासलं. हे संप्रेरक फार नाजूक. रक्त घेतल्यावर लगेच गार करून, वेगळं करून, गोठवून पाठवावं लागतं, नाहीतर वाटेत विरघळून जातं आणि आकडा खोटा कमी येतो. दादर स्टेशनच्या गर्दीतून उन्हात नमुना नेणाऱ्या पोऱ्याच्या हातातल्या बर्फाच्या डब्याला इथे फार किंमत आहे. शिवाय ती टेस्ट कुत्र्याच्या पीटीएचसाठी पडताळलेली आहे ना, हे लॅबला आधी विचारून घ्यायचं, आणि आयोनाइज्ड कॅल्शियमचा नमुना त्याच वेळी घ्यायचा. दोन आकडे एकाच क्षणाचे हवेत.

रिपोर्ट आला: पीटीएच नॉर्मल. मर्यादेच्या अगदी मधोमध. मी सुस्कारा सोडला आणि मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "हेच तर निदान आहे."

गच्चीतली टाकी भरून पाणी जिन्यातून खाली येतंय. अशा वेळी पंप कसा असायला हवा? बंद. आणि आपण जाऊन बघतो तर पंप नेहमीच्या वेगाने चालू. वेग नेहमीचा आहे म्हणून आपण समाधान मानू का? कॅल्शियम एवढं चढल्यावर निरोगी ग्रंथींनी पीटीएच जवळपास शून्यावर आणायला हवं होतं. ते "नॉर्मल" आहे, याचा अर्थ एखादी ग्रंथी ऐकायची थांबलीय. हा आजार असलेल्या बऱ्याचशा कुत्र्यांत पीटीएच असंच मर्यादेच्या आत दिसतं. रिपोर्टवर त्याच्यापुढे बाण नसतो, म्हणून ते सहज नजरेतून सुटतं. कॅन्सरमध्ये चित्र उलटं असतं. तिथे कोणीतरी दुसराच आपला चोरटा पंप लावून बसलेला असतो. काही गाठी पीटीएचसारखं दिसणारं एक द्रव्य सोडतात. तेव्हा आपले काका मुकाट पंप बंद करून बसलेले असतात आणि खरं पीटीएच खाली गेलेलं सापडतं.

चिंगीच्या आजाराचं नाव प्रायमरी हायपरपॅराथायरॉइडिझम. म्हाताऱ्या कुत्र्यांचा आजार, साधारण दहा-अकरा वर्षांच्या पुढचा. दहापैकी नऊ वेळा चारपैकी एकाच ग्रंथीत साधी, न पसरणारी गाठ झालेली असते. त्या ग्रंथीचा कॅन्सर क्वचित. कीशोंड नावाच्या जातीत हा आजार आनुवंशिक आहे, पण ती जात आपल्याकडे फारशी दिसत नाही. लक्षणं मात्र फसवी. कित्येक कुत्र्यांना काहीच होत नाही, दात साफ करायच्या आधीच्या रक्ततपासणीत आकडा सापडतो. ज्यांना होतं ती पाणी फार पितात, कारण जास्तीचं कॅल्शियम किडनीला लघवी दाट करू देत नाही. मग थकवा, जिना चढताना मधेच बसणं, भूक मंदावणं. मालक म्हणतो, वय झालं. आणि साधारण तिघांतल्या एकाला मूतखडा होतो. लघवीत वारंवार इन्फेक्शन किंवा कॅल्शियमचे खडे सापडले तर रक्तातलं कॅल्शियम बघितल्याशिवाय गप्प बसू नका. खडा काढला आणि ग्रंथी तशीच राहिली, तर खडे परत होणार.

उपचार म्हणजे ती बिघडलेली ग्रंथी बाद करणं. गोळ्यांनी ती वठणीवर येत नाही. आधी मानेची सोनोग्राफी. त्यासाठी चांगलं मशीन हवं आणि त्याहून जास्त सरावलेली नजर हवी, कारण शोधायचा असतो एक मसुराएवढा ठिपका. चिंगीची डावीकडची एक ग्रंथी सहा मिलिमीटरची दिसली. पुढे तीन वाटा असतात. मान उघडून ती ग्रंथी काढून टाकायची. किंवा सोनोग्राफीत बघत सुईने तिच्यात अल्कोहोल सोडून ती मारायची. किंवा तशाच सुईने ती तापवून जाळायची. जाणत्या सर्जनच्या हातून शस्त्रक्रियेचं यश ९० टक्क्यांच्या वर आहे. उष्णतेचं जवळपास तेवढंच, अल्कोहोलचं त्यामानाने कमी, शिवाय शेजारून आवाजाची नस जाते, तिला धक्का लागू शकतो. मला निवडायला सांगितलं तेव्हा मी शस्त्रक्रिया म्हणाले. डोळ्यांसमोर उघडून बघितलेलं बरं, कधी एकाऐवजी दोन ग्रंथी बिघडलेल्या निघतात.

मुंबईत यासाठी जागा आहेत, हे आपलं नशीब. परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय, ज्याला आमच्या भागातली जुनी माणसं आजही बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात, एकोणिसाव्या शतकापासून उभं आहे. मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ चं. महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालं. कुठेही जा, पण दोन प्रश्न आधी विचारा: ही शस्त्रक्रिया इथे कोणी केली आहे का, आणि नंतरचे पाच-सहा दिवस रोज आयोनाइज्ड कॅल्शियम तपासता येईल का? दुसरा प्रश्न पहिल्याहून महत्त्वाचा आहे.

कारण खरी परीक्षा शस्त्रक्रियेनंतर असते. एक काका महिनोन् महिने एकटेच पंप चालवत होते, तेव्हा बाकीचे तिघे काय करत होते? झोपले होते. टाकी कायम भरलेली, त्यांना कोणी हाक मारलीच नव्हती. त्या ग्रंथी आक्रसून जातात. बिघडलेली ग्रंथी काढल्यावर त्यांना जागं व्हायला दिवस लागतात, कधी आठवडे. तोवर टाकी उतरत जाते. बहुतेकदा दुसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या मध्ये.

चिंगी तिसऱ्या दिवशी घरी आली. मानेवरचे केस काढलेले, त्यावर बोटभर टाक्यांची ओळ. छान जेवली. दर सकाळी रक्त तपासायला नेत होतो आणि आकडा रोज थोडा खाली येत होता, ठरल्यासारखाच. चौथ्या रात्री दोनच्या सुमाराला मला जाग आली ती घासल्याच्या आवाजाने. ती सोफ्याच्या कडेला गाल घासत होती. एकदा, दोनदा, परत. आधी वाटलं टाके खाजतायत. मग दिव्याच्या उजेडात तिच्या मिशांच्या मुळाशी बारीक थरथर दिसली, पाण्यावर उठते तशी. कान उडत होता. मी हात लावला तर अंग गरम, आणि चालली तेव्हा मागचे पाय काठीसारखे. पाऊस होता, रस्ता रिकामा होता, पंधरा मिनिटांत पोचलो. आयोनाइज्ड कॅल्शियम ०.८२.

शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट दिलं, पण किती हळू! दहा-वीस मिनिटं एक डॉक्टर सिरिंज केसभर केसभर पुढे सरकवत होते आणि मॅडम ईसीजीच्या पडद्यावरची नजर हलवत नव्हत्या. भराभर दिलं तर हृदयाचे ठोके मंदावतात, बंदही पडू शकतात. औषध संपायच्या आतच मिशांची थरथर थांबली. ती उठून बसली आणि माझा हात चाटला.

तोंड घासणं, चेहऱ्याचे स्नायू उडणं, कारण नसताना धापा टाकणं, ताठ चाल, अस्वस्थता, आणि मग झटके. हा क्रम पाठ करून ठेवा. पहिल्या दोन पायऱ्यांवर निघालात तर झटका टळतो. झटका येत असताना तोंडात सिरप ओतू नका, ते फुप्फुसात जातं. कॅल्शियमचं इंजेक्शन घरी कातडीखाली टोचायचा प्रयोग तर मुळीच नको, तिथली कातडी सडू शकते. गाडीत एसी किंवा खिडकी उघडी ठेवा, कारण झटक्यांनी अंग तापतं.

पुढे चिंगीला कॅल्शियमच्या गोळ्या आणि कॅल्सिट्रिऑल सुरू झालं. इथे काकूंचं कॅल्शियम शेवटी कामाला आलं, पण मोजून आणि ठराविक मुदतीसाठी. डोस उगाच वाढवून आकडा वर नेला तर झोपलेल्या ग्रंथींना परत झोपायला सांगितल्यासारखं होतं. म्हणून टाकी मुद्दाम किंचित उणीच ठेवतात, म्हणजे त्यांना उठावंच लागतं. दर काही आठवड्यांनी रक्त, दर वेळी डोस थोडा कमी. आम्हाला साडेतीन महिने लागले.

आता उलटा आजार. यात काकाच राहत नाहीत. शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच पॅराथायरॉइड ग्रंथी पोखरून टाकते, पीटीएच संपतं, कॅल्शियम कोसळतं, फॉस्फरस चढतो. याला हायपोपॅराथायरॉइडिझम म्हणतात. मिनिएचर श्नाउझर, पूडल, लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड अशा जातींत तो दिसतो, पण कोणालाही होऊ शकतो. माझ्या बहिणीच्या भांडुपच्या सोसायटीत एक लॅब्राडोर आहे, रूबी. तिला फिट यायच्या. तीन महिने एका दवाखान्यातून मिरगीची गोळी चालू होती. फिट थांबेनात, रूबी नुसती पेंगायची. चिंगीच्या अनुभवानंतर मी बहिणीला विचारलं, मधल्या दिवसांत ती तोंड घासते का? घासायची. धावल्यावर अंग ताठ होतं का? व्हायचं. कॅल्शियम तपासलंच नव्हतं कोणी. तपासलं तर ५.४. मिरगीची फिट आली आणि गेली की कुत्रं मधल्या काळात बरं असतं; कॅल्शियमच्या कमतरतेत मधल्या काळातही काही ना काही चालू असतं, आणि झटक्यात बरेचदा शुद्ध हरपत नाही. पहिल्या फिटनंतरच्या रक्ततपासणीत कॅल्शियम असलंच पाहिजे. त्याला फार पैसे पडत नाहीत.

रूबीला आता आयुष्यभर कॅल्सिट्रिऑल लागणार. इथे आपल्याकडे एक मोठा घोळ होतो. ड जीवनसत्त्व म्हटलं की केमिस्ट ६०,००० युनिटची, माणसांनी आठवड्याला एक घ्यायची पुडी काढून देतो. रूबीला तिचा उपयोग नाही. पुडीतलं कच्चं ड जीवनसत्त्व किडनीत कामाचं रूप घेतं ते पीटीएचच्या हुकमावर, आणि पीटीएच तर नाहीच. म्हणून तयार कॅल्सिट्रिऑलच द्यावं लागतं. ते एक-दोन दिवसांत काम सुरू करतं, आणि जास्त झालं तर थांबवल्यावर लवकर उतरतं. पुडीतलं मात्र चरबीत साठतं आणि आठवडेच्या आठवडे कॅल्शियम चढवत राहतं. त्या पुडीत दीड मिलिग्रॅम असतं. दहा किलोच्या निरोगी कुत्र्याने एक पुडी फस्त केली तरी ते विषबाधेच्या उंबरठ्यावर जातं. पुड्या फ्रीजवर ठेवा, टीपॉयवर नको.

कॅल्सिट्रिऑलचा डोस किलोला नॅनोग्रॅममध्ये मोजतात. माणसांच्या कॅप्सूल ०.२५ मायक्रोग्रॅमच्या, म्हणजे २५० नॅनोग्रॅमच्या. आत तेल असतं, अर्धी कापता येत नाही. लहान कुत्र्यासाठी हिशेब कसा बसवायचा ते डॉक्टरांनीच ठरवायचं. रूबीचं लक्ष्य ८ ते ९.५ आहे, म्हणजे मर्यादेच्या खालच्या टोकाशी. पीटीएच नसल्यामुळे तिची किडनी कॅल्शियम अडवू शकत नाही. आकडा "छान नॉर्मल" केला तर तेवढं जास्त कॅल्शियम लघवीत उतरेल आणि खडे होतील. सुरुवातीच्या कॅल्शियमच्या गोळ्या पुढे बंदही होतात, कारण जेवणातलं पुरतं.

गाभण कुत्रीला सिरप, याबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय मला राहवत नाही. पोमेरेनियन, स्पिट्झ, पग अशा लहान कुत्र्या बाळंतपणानंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत अचानक थरथरायला लागतात, अंग तापतं, झटके येतात. पिल्लं दुधातून कॅल्शियम ओढत असतात आणि रक्तात ते उरत नाही. लोक म्हणतात, "पण आम्ही तर दोन महिने रोज सिरप देत होतो!" त्यामुळेच. रोज दारात टँकर उभा असेल तर पंपवाले काका कशाला उठतील? गर्भारपणात बाहेरून कॅल्शियम ओतलं की पॅराथायरॉइड सुस्तावतात, आणि दूध उतरतं तेव्हा गरज एका रात्रीत वाढते, त्यांना वेळेत जागच येत नाही. गाभण कुत्रीला चांगलं, संतुलित अन्न द्या. कॅल्शियम द्यायचं झालं तर ते प्रसूतीनंतर, डॉक्टरांनी सांगितलं तर. आणि थरथर दिसली की पिल्लं लगेच बाजूला घ्या, त्यांना बाटलीने दूध पाजा, आईला दवाखान्यात न्या.

पिल्लांच्या बाबतीत ग्रंथी अगदी निरोगी असते, आपणच तिला राबवतो. बिनहाडांचं उकडलेलं चिकन आणि भात, हे मुंबईतल्या कित्येक लाडक्या पिल्लांचं रोजचं जेवण. चिकनच्या मांसात कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट फॉस्फरस असतो. पिल्लाला हवं असतं कॅल्शियम फॉस्फरसएवढं किंवा थोडं जास्त. मग ग्रंथी बिचारी दिवसरात्र हाडांतून कॅल्शियम उपसते. रक्ताचा आकडा नॉर्मल येतो, हाडं मात्र एक्स-रेत काचेसारखी दिसतात आणि सोफ्यावरून उडी मारली तरी मोडतात. यावर शस्त्रक्रिया नाही. वाढीच्या पिल्लांसाठी बनवलेलं पूर्ण खाद्य आणि काही आठवडे छोट्या जागेत विश्रांती. त्यावर आणखी सिरप नको, विशेषतः ग्रेट डेनसारख्या मोठ्या जातींत, कारण जास्तीच्या कॅल्शियमनेही त्यांची हाडं वाकडी होतात. म्हाताऱ्या कुत्र्यांत किडनी थकली की फॉस्फरस साठतो आणि ग्रंथी तशाच राबतात, जबडा रबरासारखा लवायला लागतो. तिथे उपचार किडनीचा आणि कमी फॉस्फरसच्या जेवणाचा, ग्रंथीला हात लावायचा नाही.

चिंगीचं शेवटचं कॅल्शियम १०.१ आलं, कुठल्याही गोळीशिवाय. दहातल्या एखाद्या कुत्र्यात दुसरी ग्रंथी पुढे बिघडते, म्हणून दर चार महिन्यांनी रक्त द्यायला जातो. पाण्याची बाटली अजून ओट्यावर आहे. काल भरून ठेवली होती, आज सकाळी मोजलं तर सहाशे पन्नास मिली गेलं होतं.